टी पेशींत दडलेला एचआयव्ही : डॉ. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मॅडम, रिपोर्टमध्ये व्हायरस दिसतच नाही म्हणता, मग गोळी अजून का?" एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं (एआरटी) जिथे मिळतात तिथे, समुपदेशन करणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रश्न रोजचाच. "आयुष्यभर घ्यायची असते" एवढं सांगून वेळ भागते, पण समोरच्याचं समाधान होत नाही. खरं उत्तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. रॉबर्ट सिलिसियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या तीसेक वर्षांत प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत आहे. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, नर्सिंगचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हे वाचून औषधात स्वतःहून काहीही बदल करू नका, तेवढं आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

हे सिलिसियानो कोण?

जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलमधले प्राध्यापक आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचे संशोधक. एमडी आणि पीएचडी दोन्ही हॉपकिन्सचंच, नंतर काही वर्षं हार्वर्डमध्ये टी पेशींवर काम. मूळ पिंड इम्युनॉलॉजिस्टचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकाचा. १९८८ साली 'सेल' या नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध एचआयव्हीचं जीपी१२० हे प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशींवर होता. त्या काळात बहुतेक लोक विषाणूच्या मागे होते, हे मात्र पेशीच्या बाजूने विचार करत होते. पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला त्यातच दिसतं. त्यांच्या पत्नी डॉ. जॅनेट सिलिसियानो याही त्याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहेत आणि पेशींत दडून राहिलेल्या विषाणूचा साठा मोजण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा आहे.

टी पेशी, सीडी४, सीडी८ हे थोडक्यात सांगाल का?

टी पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. सीडी४ टी पेशी प्रतिकारशक्तीच्या बाकी पेशींना कामाला लावतात, सीडी८ टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. एचआयव्ही शिरतो तो सीडी४ पेशींत. तुमच्या फाइलवर जो 'सीडी४ काउंट' लिहिलेला असतो तो याच पेशींचा, एका मायक्रोलिटर रक्तातला.

मग विषाणू लपतो कुठे आणि कसा?

याच सीडी४ पेशींत, पण त्यांच्या एका खास अवस्थेत.

शरीरात एखादा जंतू आला की त्याला ओळखणाऱ्या टी पेशी सक्रिय होतात, झपाट्याने वाढतात, आपलं काम करतात. काम झालं की त्यातल्या बऱ्याच मरतात आणि थोड्या पुन्हा शांत होऊन स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षं राहतात. लहानपणी होऊन गेलेला गोवर दुसऱ्यांदा सहसा होत नाही, त्यात या स्मृतिपेशींचाही हात असतो.

एचआयव्हीला सक्रिय पेशी आवडते. तो आत शिरतो, आपला आरएनए डीएनएमध्ये उतरवतो आणि तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडून टाकतो. बहुतेक वेळा अशी पेशी दोनेक दिवसांत मरते. पण एखादी पेशी नेमकी सक्रिय अवस्थेतून शांत अवस्थेकडे परतत असतानाच विषाणू तिच्यात शिरतो. ती शांत होते तेव्हा विषाणूची जनुकंही थांबतात, कारण ती चालवायला एनएफ-कप्पा-बी, एनएफएटी असे जे घटक लागतात ते शांत पेशीत केंद्रकाबाहेर अडकून असतात. विषाणूचं एकही प्रथिन बनत नाही. त्यामुळे सीडी८ पेशींना ती पेशी इतर पेशींसारखीच दिसते, आणि औषधालाही तिथे अडवण्यासारखं काही सापडत नाही. काही वर्षांनी त्या पेशीला तिचा ओळखीचा जंतू भेटतो, ती सक्रिय होते आणि विषाणूही तिच्याबरोबर सुरू होतो.

थोडक्यात, विषाणूने लपायची वेगळी युक्ती काढलेली नाही. आपल्या शरीराची रोग लक्षात ठेवण्याची जी पद्धत आहे, तीच त्याला सोयीची पडली.

औषधं एवढी प्रभावी आहेत म्हणता, मग त्या पेशीतला विषाणू मारत का नाहीत?

एआरटीची औषधं विषाणूला नवीन पेशीत जम बसवू देत नाहीत. कुणी आरएनएचा डीएनए होऊ देत नाही, कुणी तो जोडू देत नाही, कुणी तयार झालेला विषाणू परिपक्व होऊ देत नाही. ज्या पेशीत डीएनए आधीच जोडला गेला आहे आणि गप्प आहे, तिथे यातली एकही पायरी चालू नसते. गोळी कमी ताकदीची आहे म्हणून नव्हे, तर तिला तिथे करण्यासारखं कामच नाही म्हणून.

हे नेमकं कधी कळलं?

ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

१९९५ मध्ये सिलिसियानोंच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी टे-वूक चुन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये दाखवलं की एचआयव्ही असलेल्या माणसांच्या शांत सीडी४ पेशींपैकी अगदी थोड्यांत विषाणूचा जोडलेला डीएनए असतो. तेव्हा तीन औषधांचा एकत्रित उपचार अजून रुळलेला नव्हता. रुग्ण दगावत होते. अशा वेळी दहा लाखांत एखाद्या पेशीची चिंता करणं बऱ्याच जणांना चैनीचं वाटलं असेल तर नवल नाही.

१९९६ मध्ये चित्र पालटलं. तीन औषधं एकत्र दिल्यावर रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला. मरणाच्या दारातले लोक उठून कामाला लागले. लगेच गणितं मांडली गेली. अॅलन पेरेलसन, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये अंदाज दिला की त्यांना माहीत असलेल्या पेशींतला विषाणू दोन-तीन वर्षांच्या उपचारात संपावा. मात्र अजून न सापडलेला साठा असेल तर हा हिशेब बदलेल, हेही त्यांनी त्यातच लिहिलं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त 'दोन-तीन वर्षं'.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन निबंध एकापाठोपाठ आले. 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन : एक सिलिसियानोंच्या गटाचा, ज्याच्या पहिल्या लेखिका डायना फिन्झी, आणि दुसरा सॅन डिएगोच्या डग्लस रिचमन यांच्या गटाचा. तिसरा अँथनी फाउची यांच्या प्रयोगशाळेचा, आणि त्याचे पहिले लेखक तेच चुन, जे तोवर तिकडे गेले होते. तिघांनी वेगवेगळ्या रुग्णांत एकच गोष्ट दाखवली. व्हायरल लोड (रक्तात फिरणाऱ्या विषाणूचं प्रमाण) शून्यवत झालेल्या रुग्णांच्या शांत सीडी४ पेशी बाहेर काढून सक्रिय केल्या, तर त्यातून जिवंत, संसर्ग करू शकणारा विषाणू बाहेर पडतो.

दहा लाखांत एक पेशी शोधायची कशी?

या कामाचा खरा कस इथे लागला. त्यांनी बसवलेल्या पद्धतीला व्हायरल आउटग्रोथ अॅसे म्हणतात.

रुग्णाचं साधारण २०० मिलिलिटर रक्त घ्यायचं. त्यातून सीडी४ पेशी वेगळ्या काढायच्या, आणि त्यातल्याही सक्रियतेच्या खुणा अंगावर असलेल्या पेशी काढून टाकायच्या, म्हणजे फक्त शांत पेशी उरतील. मग त्या सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये उतरत्या संख्येने वाटायच्या : एका खळग्यात १० लाख, पुढच्यात २ लाख, मग ४० हजार, ८ हजार, १,६०० आणि शेवटी ३२०. प्रत्येक संख्येचे दोन-दोन खळगे. त्या सगळ्या पेशींना पीएचए नावाच्या रसायनाने सक्रिय करायचं. एचआयव्ही नसलेल्या दात्याच्या ताज्या सीडी४ पेशी वरून घालायच्या, म्हणजे एखादा विषाणू बाहेर पडलाच तर त्याला पसरायला जागा मिळेल. दोन-तीन आठवडे वाट बघायची आणि पी२४ हे विषाणूचं प्रथिन कुठल्या खळग्यांत सापडतं ते पाहायचं. किती पेशींपर्यंत विषाणू सापडतो आणि कुठून सापडेनासा होतो, त्यावरून संख्याशास्त्राने प्रमाण काढायचं.

उत्तर आलं : दहा लाख शांत सीडी४ पेशींमागे साधारण एक. रुग्णागणिक फरक पुष्कळ, पण ढोबळ आकडा हाच.

पद्धत वेळखाऊ, खर्चिक, आणि जिवंत एचआयव्ही वाढवायचा असल्यामुळे सुरक्षित प्रयोगशाळेतच करावी लागणारी. तरी तिचा एक गुण दुसऱ्या कशात नव्हता. पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या साध्या तपासणीने विषाणूचा डीएनए मोजणं म्हणजे मतदारयादीतली नावं मोजणं झालं. यादीत मयत असतात, गाव सोडून गेलेले असतात. ही पद्धत प्रत्यक्ष केंद्रावर येऊन मत टाकणारे मोजते.

'७३ वर्षं औषध घ्यावं लागेल' हा आकडा कुठून आला?

साठा किती वेगाने कमी होतो ते त्याच रुग्णांचं रक्त वर्षानुवर्षं तपासून पाहिलं गेलं. १९९९ मध्ये फिन्झी यांच्या आणि २००३ मध्ये जॅनेट सिलिसियानो यांच्या निबंधात हे निकाल आले, दोन्ही 'नेचर मेडिसिन'मध्ये. साठा निम्मा व्हायला सरासरी ४४ महिने लागतात, असं निघालं.

आता हिशेब स्वतः करून बघा. शरीरात अशा १० लाख पेशी आहेत असं धरा. निम्मे, पुन्हा निम्मे असं करत एका पेशीपर्यंत यायला साधारण २० वेळा निम्मे करावं लागतं. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने. भागिले १२, म्हणजे ७३ वर्षं आणि वर काही महिने. वयाच्या तिशीत उपचार सुरू केलेल्या माणसाला शंभरी ओलांडावी लागेल. 'आयुष्यभर गोळी' या वाक्यामागे हे गणित आहे, डॉक्टरांचा हट्ट नाही.

त्या पेशींतले बहुतेक विषाणू मोडके असतात असं वाचलं. मग काळजी कशाला?

बरोबर वाचलंत, पण त्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग बहुधा बातमीत आला नसेल.

२०१३ मध्ये या प्रयोगशाळेतल्या या-ची हो आणि सहकाऱ्यांनी 'सेल'मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. प्रयोगात पेशी सक्रिय करूनही ज्या विषाणू-डीएनएतून काही बाहेर पडलं नाही, असे २१३ नमुने त्यांनी पूर्ण वाचून काढले. ८८.३ टक्के खरोखर निकामी होते. कुणाचा मोठा तुकडा गळालेला, कुणात बदल होऊन वाचता न येणारा. उरलेले ११.७ टक्के मात्र धडधाकट होते. त्यांची प्रत बनवून पेशीत घातली तर विषाणू व्यवस्थित वाढला. ते फक्त त्या एका वेळच्या उत्तेजनाला जागे झाले नव्हते. म्हणजे आधीची मोजणी खरा साठा कमी दाखवत होती, आणि तो आधीच्या अंदाजाच्या ६० पटींपर्यंत असू शकतो, असं त्यांनी लिहिलं. 'बरा करणारं औषध आता आलंच' अशा बातम्यांच्या काळात असा निबंध छापणं सोपं नसतं.

म्हणजे एक पद्धत कमी दाखवते, दुसरी जास्त. मधली नाही का?

आहे. २०१९ मध्ये कॅथरीन ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलेली, जिला संशोधक 'आयपीडीए' म्हणतात. डीएनएचा नमुना हजारो सूक्ष्म थेंबांत वाटतात आणि प्रत्येक थेंबात विषाणूच्या डीएनएची दोन ठिकाणं तपासतात : एक 'पॅकेजिंग सिग्नल' या भागापाशी, एक 'एन्व्हलप' या जनुकात. दोन्ही ठिकाणी रंग उमटला तर तो विषाणू बहुधा धडधाकट. मोडके विषाणू नेमके याच भागांत मोडलेले असतात, हे आधीच्या शेकडो वाचनांतून कळलं होतं, म्हणून दोनच ठिकाणं पाहून काम भागतं. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं.

माझा व्हायरल लोड एकदा ७० आला, पुढच्या वेळी पुन्हा 'नॉट डिटेक्टेड'. औषध निकामी होतंय का?

बहुतेक वेळा नाही. अशा उसळीला 'ब्लिप' म्हणतात आणि यावरही याच गटाचं २००५ चं काम आहे. दहा रुग्णांचं रक्त दर दोन-तीन दिवसांनी, तीन-चार महिने तपासलं. जवळजवळ प्रत्येकात कधी ना कधी असा ब्लिप सापडला. तो बहुधा ७०-८० कॉपींच्या (एका मिलिलिटर रक्तातल्या विषाणूच्या प्रती) आसपास असे आणि पुढच्या तपासणीपर्यंत गायब होई. औषधाला दाद न देणारे नवे बदल त्यात सापडले नाहीत. बराचसा भाग मोजमापातल्या साहजिक चढउताराचा होता.

पण आकडा दोनदा लागोपाठ वर आला, किंवा हजाराच्या पुढे गेला, तर ती गोष्ट वेगळी. गोळ्या नियमित घेतल्या का, इथून बोलणं सुरू करावं लागतं, आणि ते खरं बोलावं.

गावी जत्रेला गेलो, आठ दिवस गोळ्या राहिल्या. इतक्याने काय होतं?

लगेच पुन्हा सुरू करा आणि सेंटरला कळवा. रागावतील म्हणून लपवू नका.

औषध पूर्ण थांबवलं तर बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसतो. उपचार पाच वर्षं झालेले असोत की पंधरा, यात फारसा फरक पडत नाही, कारण साठा तेवढाच तयार असतो. औषधाला 'सुट्टी' द्यावी का, याची रीतसर परीक्षाही झाली. 'स्मार्ट' नावाच्या चाचणीत ५,४७२ जण होते. एका गटाला सीडी४ चांगला असेल तेव्हा औषध बंद ठेवलं. त्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू जास्त झाल्यामुळे २००६ च्या जानेवारीत तो प्रयोग मध्येच आवरावा लागला.

आणखी एक गोष्ट सिलिसियानोंच्या कामातून कळते. या साठ्यात विषाणूच्या जुन्या आवृत्त्या तशाच जपून राहतात. औषधं अनियमित घेतल्यामुळे एकदा का त्यांना न जुमानणारा विषाणू तयार झाला, की तोही साठ्यात जमा होतो. पुढे औषध बदललं, रिपोर्ट छान आला, तरी तो तिथेच असतो. म्हणून नवीन डॉक्टरांकडे जाताना जुन्या औषधांची यादी आठवणीने न्या.

'शॉक अँड किल'ने काम होणार होतं ना? त्याचं काय झालं?

कल्पना अशी : विषाणू दडलेल्या शांत, म्हणजे सुप्त पेशींना औषध देऊन विषाणू चालू करायचा, म्हणजे ती पेशी मरेल, एआरटी चालू असल्यामुळे बाहेर पडलेला विषाणू नव्या पेशीत शिरणार नाही. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने व्होरिनोस्टॅट हे कर्करोगाचं औषध रुग्णांना देऊन दाखवलं की विषाणूचा आरएनए खरंच वाढतो. वर्तमानपत्रांत जल्लोष झाला.

त्याच वर्षी सिलिसियानोंच्या प्रयोगशाळेतल्या लियांग शान यांनी 'इम्युनिटी'मध्ये पुढचा प्रश्न विचारला : चालू झालेली पेशी मरते का? प्रयोगशाळेत तरी ती आपोआप मेली नाही. रुग्णाच्या स्वतःच्या सीडी८ पेशीही तिला मारायला पुरेशा पडल्या नाहीत. त्यांना आधी विषाणूच्या तुकड्यांनी तयार केलं, तेव्हाच त्यांनी काम केलं.

मग २०१५ चा 'नेचर'मधला निबंध, पहिले लेखक काई डेंग. यात त्यांनी साठ्यातला विषाणू सीडी८ पेशींना ओळखू येतो का ते पाहिलं. संसर्ग होऊन बराच काळ लोटल्यावर उपचार सुरू केलेल्या रुग्णांत साठ्यातल्या ९८ टक्क्यांहून अधिक विषाणूंनी आपली ओळखीची ठिकाणं आधीच बदलून टाकलेली होती. सीडी८ पेशी शोधत होत्या जुना चेहरा. दिलासा देणारी बाजू ही की विषाणूच्या न बदललेल्या भागांना ओळखणाऱ्या सीडी८ पेशीही शरीरात असतात. त्यांना वेगळं उत्तेजन दिलं तर त्या साठ्यातल्या पेशींवर हल्ला करू शकतात. आणि ज्यांनी संसर्गानंतर पहिल्या तीन महिन्यांत उपचार सुरू केले होते, त्यांच्या साठ्यात असे बदललेले विषाणू अगदी कमी सापडले.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्यांनी लक्षात घ्यावा. पूर्वी भारतात सीडी४ ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, असं राष्ट्रीय धोरण आहे. तरीही "मला काही त्रास नाही, नंतर बघू" म्हणणारे भेटतात. उशीर केला की साठा मोठा होतो आणि त्यातला विषाणू सरावलेला असतो.

वीस वर्षं गोळ्या घेतल्या तर साठा घटत नाही का?

सुरुवातीची काही वर्षं घटतो. त्यानंतरची बातमी २०२३ मध्ये आली आणि ती वाचून मीही दोनदा आकडे तपासले. नॅटली मॅकमिन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ उपचारावर असलेल्या ४२ जणांचा साठा मोजला. काहींचा उपचार २२ वर्षांपर्यंत झालेला. साधारण सात वर्षांनंतर घट थांबलेली दिसली आणि संसर्गक्षम साठा उलट सावकाश वाढताना दिसला. दुप्पट व्हायला २३ वर्षं लागतील इतक्या सावकाश.

हे होतं कसं? औषध असताना विषाणू नव्या पेशींत शिरत नाही, पण सुप्त पेशी स्वतः विभागते. तिच्या डीएनएबरोबर विषाणूच्या डीएनएचीही नक्कल होते. याची पहिली चाहूल २००६ मध्ये लागली होती : उपचारावर असलेल्या काही रुग्णांच्या रक्तात जो थोडासा विषाणू उरतो, त्यात महिनोन्‌महिने एकच एक जनुकीय क्रम पुन्हा पुन्हा सापडत होता. २०१७ मध्ये निना होस्माने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संसर्गक्षम साठ्याचा मोठा भाग अशा विभाजनातूनच आलेला असतो.

याचा तुमच्या तब्येतीशी संबंध नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगते. दहा लाखांत एक असो की दोन, गोळी चालू आहे तोवर रक्तातला विषाणू दबलेलाच राहतो.

काही लोक पूर्ण बरे झाले आहेत ना?

हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. पहिला टिमथी रे ब्राऊन, 'बर्लिन पेशंट'. त्याला रक्ताचा कर्करोग होता. २००७ मध्ये ज्या दात्याची अस्थिमज्जा मिळाली त्याच्या पेशींवर सीसीआर५ हा विषाणूला लागणारा रेणूच नव्हता. एचआयव्ही परत आला नाही. २०२० मध्ये तो गेला तो कर्करोग उलटल्यामुळे. २०१९ मध्ये लंडनच्या अॅडम कास्तियेहोची बातमी आली. ही प्रक्रिया जिवावर बेतू शकते, आणि कर्करोग नसलेल्या माणसावर ती करणं कुणीही डॉक्टर सुचवणार नाही.

उलट बाजूचं उदाहरणही ध्यानात ठेवावं. मिसिसिपीत २०१० मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर तीस तासांत औषधं दिली, दीड वर्षाच्या सुमाराला ती बंद पडली, आणि तरी विषाणू दिसेना. २०१३ मध्ये हॉपकिन्सच्याच डॉ. डेबोरा परसौद यांनी हे जाहीर केलं तेव्हा 'बरं झालेलं बाळ' म्हणून जगभर गाजावाजा झाला. २७ महिने औषधाविना गेल्यावर २०१४ मध्ये विषाणू परतला. इतके महिने कुठल्याही तपासणीत न सापडलेल्या मोजक्या पेशी पुरल्या.

साठा आहे म्हणजे माझ्यापासून जोडीदाराला धोका आहे का?

व्हायरल लोड नियमितपणे दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. शेकडो जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासांत असा एकही संसर्ग आढळला नाही. सुप्त पेशी त्या आड येत नाही. रक्तदान मात्र करायचं नाही, आणि बाळाला अंगावर पाजण्याबद्दल सेंटरच्या सल्ल्याने चालायचं.

आयुर्वेदिक काढ्याने, जडीबुटीने साठा जातो का?

नाही. एड्स बरा करतो असा दावा औषधाच्या नावाने करायला भारतात मनाई आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या 'शेड्यूल J' मध्ये असा दावा करता न येणाऱ्या आजारांची यादी आहे, त्यात एड्स आहे. अशा जाहिरातींची एक ठरलेली चाल असते. रुग्ण एआरटीवर असतानाच काढा सुरू करायचा, आणि 'नॉट डिटेक्टेड' रिपोर्ट काढ्याच्या नावावर दाखवायचा. एआरटी थांबवून एक महिन्याने रिपोर्ट दाखवा म्हटलं की दुकान आवरतं. पण हा प्रयोग स्वतःवर करू नका.

हे सगळं संशोधन अमेरिकेतल्या लोकांवरचं. आपल्याला लागू पडतं का?

रास्त शंका. शांत स्मृतिपेशीत विषाणू टिकतो हे मूळ तत्त्व सगळीकडे तेच, कारण टी पेशी सगळ्यांच्या सारख्याच वागतात. पण तपशिलात फरक आहेत. अमेरिकेत प्रामुख्याने बी उपप्रकाराचा विषाणू आहे, भारतात सी उपप्रकाराचा. वर सांगितलेली आयपीडीए बी उपप्रकारावर बेतलेली होती. डीएनएतले ते छोटे क्रम सी मध्ये थोडे वेगळे असल्यामुळे ती जशीच्या तशी वापरता येत नाही, तिच्यात बदल करावे लागतात. अमेरिकी अभ्यासांत पुरुषांचा भरणा जास्त, तर आपल्या सेंटरच्या रांगेत बायका पुष्कळ असतात. शिवाय बहुतेक मोजणी रक्तातली आहे, आणि टी पेशींचा मोठा भाग लसिका ग्रंथी आणि आतड्यांत राहतो. पुण्याजवळ भोसरीला १९९२ पासून आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एड्स संशोधन संस्था आहे, लोक तिला अजून 'नारी' म्हणूनच ओळखतात. सी उपप्रकाराच्या रुग्णांवर साठ्याचं काम व्हायचं तर अशाच ठिकाणी व्हायला हवं.

मला माझा साठा मोजून मिळेल का?

नाही. या तपासण्या संशोधनापुरत्या आहेत आणि त्यांच्या निकालाने आज कुणाचा उपचार बदलत नाही. तुमच्यासाठी कामाची तपासणी व्हायरल लोडची. ती सरकारी सेंटरवर फुकट होते. तारीख चुकवू नका.

एक सावधगिरी. काही जण स्वतःहून खाजगी लॅबमध्ये 'एचआयव्ही डीएनए पीसीआर' करतात आणि तो पॉझिटिव्ह आला की घाबरून फोन करतात : "व्हायरल लोड शून्य आणि हा पॉझिटिव्ह, कुठला खरा?" दोन्ही खरे. व्हायरल लोडमध्ये रक्तात फिरणाऱ्या विषाणूचा आरएनए मोजतात, डीएनए पीसीआर पेशींत जोडलेला डीएनए शोधतं, आणि तो तिथे राहणारच, त्यातला बहुतेक मोडका. ही तपासणी आपल्याकडे मुख्यतः एचआयव्ही असलेल्या आईच्या तान्ह्या बाळासाठी वापरतात, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे बाळाची नेहमीची टेस्ट दिशाभूल करते. मोठ्या माणसाने त्यावर पैसे घालवू नयेत. शंका असेल तर सेंटरवर विचारा, किंवा नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) १०९७ या मोफत क्रमांकावर. नाव सांगावं लागत नाही.